ध्वनिसंच घेताना तंबोरा सोबत न्यावा

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारी भावंडे अक्का म्हणतो, गेल्या दिवाळीनंतर मिरजेचे बिऱ्हाड मोडून पुण्यास सदाशिव पेठेतील दोन खोल्यांत राहावयास आली, तेव्हा तिच्या सामानात भांडीकुंडी थोडी आणि ध्वनिमुद्रणे फार होती. चाळीस वर्षे मुलींना गाणे शिकविलेल्या बाईच्या संसारात याहून वेगळे काय असावयाचे? दोन पत्र्याच्या ट्रंकांत दाटीने रचलेल्या कॅसेटी, प्रत्येकीवर तिच्याच हस्ताक्षरातील राग आणि ताल यांची नोंद, तीनेकशे सीडी, वडिलांचा ठाण्याच्या कारखान्यात तयार झालेला व आता मुका झालेला मर्फी रेडिओ, त्या रेडिओचे पोस्टातून मिळालेले परवान्याचे पुस्तक, आणि जुन्या रजईत गुंडाळून, गाडीत सर्वांच्या मांड्यांवर आडवा घेऊन आणलेला तिचा तंबोरा. बोटांचे सांधे धरल्यामुळे तो आता तिला फार वेळ छेडवत नाही. आल्यावर आठवड्याभराने ती मला म्हणाली, "मला एक लहानसा संच घेऊन दे. आकाशवाणी लागावी, सीडी वाजावी, टेप जोडता यावा, आणि नातवाच्या फोनात जे काही असते तेही ऐकता यावे. पण खोलीभर यंत्रे नकोत रे."

ही मागणी ऐकताना साधी वाटली, परंतु तिची पूर्तता करण्यास मला सहा आठवडे लागले. त्या अवधीत पुण्याच्या तापकीर गल्लीतील व मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील लहान दुकानांपासून चकचकीत दालनांपर्यंत मी जे पाहिले आणि, अधिक खरे सांगावयाचे तर, जे मला ऐकावयास मिळाले नाही, त्यातून माझे एक मत बनले असून ते मी येथे आग्रहाने मांडू इच्छितो. ध्वनिसंच ही कानाने घेण्याची वस्तू आहे. ती स्वस्थपणे, स्वतःच्या ओळखीच्या ध्वनिमुद्रणावर, शांत जागी ऐकल्यावाचून विकत घेण्याची जी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, ती गिऱ्हाइकाने मोडून काढली पाहिजे, आणि ऐकवून देणे ही दुकानदाराची मेहेरबानी नसून त्याचे कर्तव्य आहे, असे त्यास सांगण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे.

मिरजेत तंबोरा विकत घेणारा मनुष्य तो कसा घेतो, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला माझे म्हणणे पटावयास वेळ लागणार नाही. गिऱ्हाईक कारागिराच्या दुकानात सतरंजीवर बसते. पंढरपूर भागातून येणाऱ्या भोपळ्याच्या पाठीवरून हात फिरवून, त्याला कोठे चीर नाही याची खातरजमा करते. मग चारही तारा लावल्या जातात, आणि कारागीर घोडीवरील तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे, केसभर मागे सरकवीत जवारी काढू लागतो. बराच वेळ नुसता बद्द आवाज येत राहतो, आणि धागा नेमक्या जागी बसला की एकाएकी त्या तारेतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भरलेला, उजळ स्वर बाहेर पडतो. तेवढ्यानेही गिऱ्हाइकाचे समाधान होईलच असे नाही. पुष्कळदा ते दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येते, कारण सकाळचा कान ताजा असतो. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते ज्या कारागिरीच्या बळावर, त्या कारागिरीत या ऐकण्याचा, पुन्हापुन्हा ऐकण्याचा, वाटा फार मोठा आहे. असा दोन दिवस पारखून घेतलेला तंबोरा ज्या यंत्रातून आपण पुढे आयुष्यभर ऐकणार, ते यंत्र मात्र आपण खोक्यावरील मजकूर वाचून दहा मिनिटांत घरी आणतो.

अनेक यंत्रे एका पेटीत सामावण्याची कल्पना आजची नव्हे. आमच्या लहानपणी सधन घरांच्या दिवाणखान्यात रेडिओ व तबकडीयंत्र पोटात घेतलेला, पॉलिश केलेल्या लाकडाचा रेडिओग्राम असे, आणि त्याच्यावर विणकामाचा रुमाल व फुलदाणी. जर्मनीतील ब्राउन कंपनीसाठी हान्स गुगेलोट व डीटर राम्स यांनी १९५६ साली एसके ४ हा संच घडविला, तेव्हा त्याचे झाकण आवाजाबरोबर थरथरू नये म्हणून पत्र्याऐवजी पारदर्शक प्लास्टिकचे केले. लोकांनी त्याला 'हिमगौरीची शवपेटी' असे नाव दिले खरे, पण रूप ठरविताना कानाचा कौल आधी घेतला गेला होता, हे त्यात मला महत्त्वाचे वाटते. पुढे फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली, आणि आखातातून सुट्टीवर येणाऱ्या आप्तांच्या सामानातून टू-इन-वन आपल्या घरांत शिरला. १९८२ मध्ये सीडी आली. आज त्याच पेटीत ब्लूटूथ आणि वाय-फाय यांची भर पडली आहे. पेटीत काय काय भरले आहे याची यादी वाढतच गेली. भरलेल्यातून बाहेर काय पडते, हा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

एका दालनातील प्रसंग सांगतो. तीसेक संच मांडलेले, समोरच्या भिंतीवर चार दूरदर्शन संच एकाच वेळी चालू, वर वातानुकूलन यंत्राची घरघर. विक्रेता तरुण होता, अगत्यशीलही होता. त्याने मला एका पेटीसमोर उभे केले, फोनवरून एक चित्रपटगीत लावले, आणि म्हणाला, "काका, कपाटाच्या काचेला हात लावून बघा, कशी हलते!" काच खरोखरच हलत होती. मी अक्काने दिलेली सीडी त्याच्या हाती दिली. तिच्या एका विद्यार्थिनीने ती अक्काच्याच घरी मुद्रित केली आहे. पहिली पाच मिनिटे नुसता तंबोरा आहे, मग अक्काचा संथ आलाप, आणि शेवटी विलंबित एकतालाचा साधा ठेका. सीडी वाजविण्याची सोय असलेले संच तेथे दोनच निघाले. त्यांपैकी पहिल्यात तंबोरा सुरू झाला, आणि मी ज्या तंबोऱ्याच्या शेजारी वाढलो त्याच्या चार तारांची चार निरनिराळी माणसे मला ओळखूच येईनात. सर्व तारा मिळून एक सपाट गुणगुण ऐकू येत होती. तरुणाने मान हलवून "आवाज वाढवतो," असे म्हटले व वाढविला. गुणगुण मोठी झाली, तंबोरा झाला नाही. दुसऱ्या संचात मात्र पंचमाची तार सुटी झाली, जोडाच्या दोन तारा एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या, आणि खर्जाच्या तारेमागून तो वर चढत जाणारा उपस्वरांचा झोत, ज्यात अक्का तिच्या मुलींना गंधार ऐकावयास सांगत असे, तो अंधुकपणे का होईना, ऐकू आला. तो तरुण क्षणभर स्तब्ध राहिला आणि म्हणाला, "काका, यातला फरक मला आजवर कोणी दाखवलाच नव्हता." दोष त्याचा नव्हता. त्याच्या मालकाने त्याला काच हलविण्यास शिकविले होते, आणि गिऱ्हाइकांनी त्याहून अधिक काही मागितले नव्हते.

तंबोऱ्याचीच परीक्षा का घ्यावी, याचे कारण भावनेचे नाही, शास्त्राचे आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या तंतुवाद्यांवरील १९२१ च्या निबंधात दाखवून दिले की तार ज्या बिंदूवर छेडली असता काही उपस्वर सिद्धान्ताप्रमाणे उमटूच नयेत, तेही तंबोऱ्यात ठळकपणे उमटतात, कारण तार घोडीच्या वक्र पृष्ठाला प्रत्येक कंपनागणिक स्पर्शून जात असते. अर्थात तंबोऱ्याचा एक झंकार म्हणजे मूळ स्वर आणि त्यावर रचलेल्या अनेक उपस्वरांची एक शिडी होय, व तिच्या पायऱ्या एकापाठोपाठ एक उजळत आणि मावळत जातात. ज्या ध्वनिक्षेपकात मधल्या वा वरच्या स्वरांना कोठे उंचवटा, कोठे खळगा आहे, त्यातून या शिडीच्या काही पायऱ्या जाड होऊन, काही गळून बाहेर येतात आणि कानाला ते तत्काळ समजते. चित्रपटगीतात पन्नास वाद्यांच्या कल्लोळाआड जो दोष लपतो, तो तंबोऱ्यापुढे लपू शकत नाही.

तंबोऱ्याने मधला व वरचा प्रांत तपासावा आणि डग्ग्याने खालचा. रामन यांनी १९२० मध्ये आणखी एक गोष्ट मांडली होती: साध्या चर्मवाद्याचे उपस्वर एकमेकांशी सुसंवादी नसतात, परंतु आपल्या तबल्याच्या व मृदंगाच्या शाईमुळे ते तंतुवाद्यासारखे सुसंवादी होतात. म्हणूनच आपला तबला नुसता ठोका देत नाही, तो स्वरात बोलतो. आणि डग्ग्यावर मनगटाने घिस्सा दिला की तो स्वर खालून वर ओढला जातो. लहान पेटीत हेच हरवते. बायकांच्या काळी चार या पट्टीत षड्जाची कंप्रता सेकंदाला सुमारे २०८ व तंबोऱ्याच्या खर्जाची त्याच्या निम्मी, १०४. पुरुषांच्या काळी एक या पट्टीत षड्ज सुमारे १३९ व खर्ज ६९. इतक्या मंद्र कंपनांना हवा पुष्कळ ढकलावी लागते, आणि तीन इंचांचा पडदा ती ढकलू शकत नाही. उपस्वर ऐकू आले की न वाजलेला मूळ स्वर आपला कान आपणच भरून काढतो, हा निसर्गाचा उपकार आहे, व त्यावरच छोट्या पेट्यांचा निभाव लागतो. परंतु काही उत्पादक ही उणीव झाकण्यासाठी खालच्या एका ठरावीक पट्टीला कृत्रिम फुगवटा देतात. मग डग्ग्याचा प्रत्येक बोल एकाच स्वरात "धुम्म" असा येतो. घिस्सा ओढलेला कळत नाही, "धा" आणि "धिं" यांतील भेद मिटतो. काच हलते ती या फुगवट्याने. ज्या संचातून घिस्सा ओढलेला ऐकू येतो, मग तो कितीही हळू असो, तो संच काच हलविणाऱ्या संचाहून श्रेष्ठ समजावा.

वॅटच्या आकड्यांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यांनी आधीच लोकांचे पुष्कळ नुकसान केले आहे. नव्वदीच्या दशकात खोक्यांवर पीएमपीओ या नावाने जे हजारो वॅट छापले जात, त्या मोजणीस कोणतेही सर्वमान्य प्रमाण नव्हते. सलग देता येणारी खरी शक्ती म्हणजे आरएमएस, तेवढीच विचारावी. साधारण ध्वनिक्षेपक एका वॅटला एक मीटर अंतरावर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो, आणि दहा बाय बाराच्या खोलीत गाणे ऐकणाऱ्यास सामान्यतः एकदोन वॅटच खर्ची पडतात. शक्ती दुप्पट केली तर आवाज तीनच डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटावयास दसपट शक्ती लागते. डेनॉनच्या डी-एम ४१ या लहान संचाची घोषित शक्ती दर बाजूस ३० वॅट आहे आणि घरगुती बैठकीस ती पुरून उरते. आकडा मोठा की संच मोठा, हा समज टाकून द्यावा.

आता स्टिरिओचा प्रश्न, ज्यावर माझे व माझ्या भाच्याचे खरे मतभेद झाले. ईएमआय कंपनीतील अ‍ॅलन ब्लुमलाइन या अभियंत्याने १९३१ साली ज्या पेटंटचा अर्ज केला, त्याचे मर्म असे की दोन ध्वनिक्षेपकांतून किंचित भिन्न आवाज दिले असता श्रोत्याच्या समोर, दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत, गायक व वादक आपापल्या ठिकाणी बसल्याचा भास निर्माण होतो. हा भास होण्यास दोन ध्वनिक्षेपक आणि श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा लागतो. म्हणजे दोन पेट्यांत सहा फूट अंतर असेल तर बसणाऱ्यानेही सहासात फुटांवर बसावे. एकाच पेटीत शेजारी शेजारी बसविलेले दोन ध्वनिक्षेपक बहुधा दीड फुटाच्या आत असतात. आठ फुटांवर बसलेल्या मनुष्यास ते जेमतेम नऊदहा अंशांच्या कोनात दिसतात. आवाज एका ठिकाणाहूनच येतो, खोक्यावर स्टिरिओ हा शब्द कितीही ठळक छापलेला असो. ध्वनी भिंतींवर आदळवून रुंदी निर्माण करण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत, आणि त्या क्वचित सुखदही वाटतात, परंतु त्या रुंदीत गायक तंबोऱ्याच्या पुढे येऊन बसत नाही, सगळेच पातळ पसरते. म्हणून माझा कौल असा की सर्वसमावेशक संच घ्यावा तो मुख्य यंत्र एक आणि ध्वनिक्षेपक सुटे दोन, असाच घ्यावा. जागा दोन वितींनी अधिक लागेल. संगीताला मात्र खोली मिळेल.

याला एक अपवाद आहे आणि तो मराठी घरांत लहान नाही. आपण ज्या ध्वनिमुद्रणांवर जीव टाकतो त्यांतील कितीतरी एकमार्गी आहेत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आणि बालगंधर्वांच्या तबकड्या, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात धाडलेली केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी, १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्यामागून आठवडा प्रक्षेपित झालेली गीतरामायणाची छप्पन्न गीते, ही सर्व एका वाटेने आलेली आहेत. ज्या घरी एवढेच ऐकले जाते, तेथे दोन हलक्या पेट्यांपेक्षा एक भरदार पेटी केव्हाही बरी, आणि तसे घेणाऱ्याने संकोच बाळगू नये. पण ज्या घरी १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'तील संतूर, बासरी आणि गिटार यांचा संवाद ऐकला जातो, किंवा सवाई गंधर्व महोत्सवात ऐकलेली जुगलबंदी घरी पुन्हा ऐकावीशी वाटते, तेथे दोन पेट्यांवाचून गत्यंतर नाही. अक्काच्या ट्रंकांत दोन्ही प्रकार आहेत.

भाच्याचे म्हणणे निराळे होते. "मामा, आता सीडी कोण ऐकतं? सगळं फोनवर मिळतं. एक पेटी ठेवली की आई नुसतं बोलली तरी गाणं लागेल." त्याच्या सूचनेमागे आईची काळजी होती आणि तिचा मी अव्हेर केला नाही, पण माझा अनुभव मी त्याला सांगितला. दहा वर्षांपूर्वी मी एका नामांकित कंपनीची, केवळ फोनमधील अ‍ॅपवर चालणारी पेटी घेतली होती. तिचा आवाज उत्तम होता. सहा वर्षांनी कंपनीने ते अ‍ॅप चालू ठेवण्याचे बंद केले, नव्या फोनवर ते उतरेना, आणि यंत्रात काडीचाही बिघाड नसताना ती पेटी माझ्या घरात मुकी झाली. तक्रारीच्या पत्रास उत्तर आले त्यात नवे यंत्र घेण्याची शिफारस होती. वडिलांचा मर्फी तीस वर्षे वाजला आणि थकून थांबला. ही पेटी धडधाकट असताना तिची वाचा काढून घेतली गेली, आणि हा अन्याय आहे असे मी अजूनही म्हणतो. सबब माझी अट अशी की फोन नसला, इंटरनेट नसले, तरी संच हाताने सुरू करता आला पाहिजे, आवाजाची खुंटी बोटांनी फिरविता आली पाहिजे, आणि मागे एक साधे ऑक्सचे छिद्र असले पाहिजे. अक्काच्या सुजलेल्या बोटांना पडद्यावरील गुळगुळीत चौकोन दाबवत नाही. खरबरीत कडेची, मुठीत मावणारी खुंटी तिला सहज फिरविता येते. ऑक्समधून तिचा टेप जोडता येतो. रेकॉर्ड प्लेअर जोडणाऱ्याने मात्र एवढे ध्यानी ठेवावे की त्याच्या सुईतून येणारा संकेत फार क्षीण असतो व त्यास फोनोची निराळी सोय लागते. ब्लूटूथ असावे, नातवासाठी अवश्य असावे. पण सीडीवरून सेकंदाला १४ लाख ११ हजार बिट वाचले जातात आणि ब्लूटूथच्या सर्वसाधारण पद्धतीत त्यांचा चतुर्थांशही पलीकडे जात नाही, हे जाणून संचाची परीक्षा ब्लूटूथवर घेऊ देऊ नये.

रेडिओविषयी एक सावधगिरीची सूचना. परदेशी बनावटीच्या पुष्कळ संचांवर डॅब ही अक्षरे मोठ्या अभिमानाने छापलेली असतात व त्यांची किंमतही वसूल केली जाते. ही प्रक्षेपणपद्धती युरोपातील आहे. आकाशवाणीने अंकीय प्रक्षेपणासाठी डीआरएम ही निराळी पद्धती स्वीकारली, त्यामुळे डॅबचा आपल्याला उपयोग नाही. एफएम मात्र नीट पाहून घ्यावे, आणि मागे तारेची अँटेना जोडण्यास जागा आहे का हेही पाहावे, कारण इमारतींच्या दाटीत त्या वीतभर तारेवरच विविध भारती खरखरीशिवाय लागणे अवलंबून असते. मध्यम लहरी नव्या संचांतून जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. ज्या लहरींवर पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आले, त्या लहरी ऐकण्याचा काटाच यंत्रातून काढून टाकावा, याचे मला मनस्वी वाईट वाटते. आकाशवाणीची रागम् ही शास्त्रीय संगीताची वाहिनी २०१६ पासून फोनवर ऐकता येते, आणि नातवाने ती आजीला पहिल्याच दिवशी लावून दिली, हे समाधान खरे. पण ज्या घरी नातू नाही तेथे काय, हा प्रश्न राहतोच.

सहाव्या आठवड्यात तापकीर गल्लीलगतच्या एका लहान दुकानात आमचा शोध संपला. मालक साठीचे गृहस्थ. दुकानामागील माळ्यावर त्यांनी एक छोटी खोली राखली आहे, खाली सतरंजी, भिंतीला जाड पडदा. तेथे त्यांनी दार लावून घेतले आणि अक्काला खुर्ची दिली. "बाई, तुमचीच सीडी लावू या," असे म्हणून ते बाहेर जाऊन उभे राहिले. अक्काने चार संच ऐकले. प्रत्येक वेळी ती डोळे मिटून बोटाने मांडीवर चार तारांची गती धरीत असे. तिसऱ्या संचात ती थांबली, म्हणाली, "याची जवारी उघडी आहे," आणि चौथा ऐकल्यावर पुन्हा तिसऱ्याकडे वळली. तिने घालून दिलेल्या चाळीस हजारांच्या मर्यादेत तो बसला. असे दुकान अपवाद न राहता नियम व्हावा, यासाठी कायद्याची गरज नाही. दहा गिऱ्हाइकांनी ऐकल्यावाचून पैसे मोजण्यास नकार दिला, तर अकराव्यासाठी मालक आपण होऊन खोली करतील.

घरी आणल्यावर दुसरी परीक्षा सुरू झाली, ती खोलीची. फरशी मोझेकची, भिंती उघड्या. पहिल्या दिवशी दोन्ही पेट्या भाच्याने कपाटाच्या कोनाड्यात भिंतीला टेकवून ठेवल्या, आणि माळ्यावर जो डग्गा बोलत होता तो येथे घुमू लागला. भिंतीला व कोपऱ्याला टेकलेल्या ध्वनिक्षेपकाचा खालचा आवाज फुगतो, शिवाय दहा बाय बाराच्या खोलीत पन्नास कंपनांच्या आसपास खोलीच स्वतः घुमू लागते. आम्ही पेट्या कोनाड्यातून काढून अक्काच्या शिवणयंत्राच्या मेजावर व एका तिवईवर, कानाच्या उंचीस, भिंतीपासून हातभर पुढे मांडल्या, जमिनीवर जाजम घातले, खिडकीचा पातळ पडदा बदलून जाड लावला. मग अक्का खुर्चीत बसून सांगू लागली: डावी चार बोटे पुढे घे, उजवी किंचित आत वळव, आता राहू दे. अर्ध्या तासात एकही पैसा खर्च न होता संच बदलल्यासारखा झाला. संचावर आणखी दहा हजार खर्च करण्यापूर्वी प्रत्येकाने हा अर्धा तास खर्च करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

राहिली दुरुस्तीची बाब. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, जेथे कंपन्यांनी दुरुस्तीचा व सुट्या भागांचा तपशील द्यावा अशी अपेक्षा आहे. हा आरंभ स्वागतार्ह आहे, पण ध्वनिसंचासारख्या वस्तूबाबत मी त्यापुढे जाऊन असे म्हणेन की सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि अ‍ॅप किती वर्षे चालू राहील, या दोन मुदती किमतीशेजारी ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती असली पाहिजे. सर्वसमावेशक यंत्राचा मोठा धोका हाच की एक भाग बिघडला की सारी पेटी अडते. सीडी वाचणारे भिंग धुळीने मंदावले म्हणून रेडिओही दुरुस्तीस पाठवावा लागतो. ध्वनिक्षेपक सुटे असावेत या माझ्या आग्रहास हेही एक कारण आहे, कारण मुख्य यंत्र उद्या निकामी झाले तरी त्या दोन पेट्या दुसऱ्या यंत्राशी जोडता येतात. दुकानाच्या मालकांना मी हे सर्व विचारले, तेव्हा त्यांनी पावतीच्या पाठीवर दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचे नाव आणि पत्ता स्वतःच्या हाताने लिहून दिला.

ती पावती आणि हमीपत्र अक्काने घडी घालून बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवले, वडिलांच्या रेडिओच्या परवान्याच्या पुस्तकाखाली. मग तिने रजईतून तंबोरा काढला, तो संचाशेजारी भिंतीला टेकवून उभा केला, आणि सीडीतील तंबोऱ्याला जुळवून त्याच्या खुंट्या पिळू लागली. पंचम लागला, जोड लागला, खर्जाशी येऊन तिची बोटे दुखू लागली तेव्हा तिने तो नातवाच्या हाती दिला आणि मणी कसा सरकवायचा ते त्याला दाखविले.